पानाच्या उंचीवर : आमची वाटचाल

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात सेन्सर नेटवर्क, म्हणजे मोजमाप करून नोंदी पाठवणाऱ्या छोट्या उपकरणांचे जाळे, हा माझा विषय होता. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील मार्क वायझर यांनी १९९१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखात मांडलेली, संगणकाने भोवतालच्या वस्तूंत इतके मिसळून जावे की तो आहे याचे भानही राहू नये, ही कल्पना आम्हा विद्यार्थ्यांना तोंडपाठ होती, ती राबवायची कशी, हे मात्र मला निफाडच्या द्राक्षबागेत कळले.

ऑक्टोबर छाटणीनंतर बागायतदाराला धास्ती असते ती डाउनी या बुरशीजन्य रोगाची. पानावर पाणी काही तास टिकले आणि हवा २० ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असली की ही बुरशी बळावते, म्हणून पाऊस किती पडला यापेक्षा पान किती वेळ ओले राहिले हे मोजणे महत्त्वाचे. त्यासाठी आम्ही पानाएवढी एक पट्टी तयार केली. पाणी साचले की तिचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलतो आणि ती नोंद ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातील लोरा रेडिओने (कमी विजेत दूरवर छोटे संदेश पाठवणारे तंत्र) शेडवरच्या गेटवेला, म्हणजे नोंदी गोळा करून इंटरनेटवर पाठवणाऱ्या यंत्राला, जाते.

पहिल्याच हंगामात, रात्रीच्या पावसानंतर, एका बागायतदार काकांनी मला पहाटे बागेत बोलावले, पानांवरून हात फिरवून ओला तळवा पुढे केला आणि विचारले, “सर, तुमचं पान कोरडं अन् माझं ओलं, फवारणी कोणाचं ऐकून करू?” चूक आमचीच होती. रेंज चांगली मिळावी म्हणून पट्टी आम्ही मांडवाच्या वर, खांबाला लावली होती. तिथे ती वाऱ्याने सुकून गेली आणि दाट पानोळ्यात पाणी तसेच राहिले.

पट्टी आत नेली, तर बोर्डो मिश्रणाचा (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) निळसर थर बसून ती भर उन्हातही ओलावा दाखवू लागली. फवारणीनंतर ओल्या फडक्याने ती पुसणे आणि कोरड्या दुपारचे रीडिंग रोज नवे शून्य मानणे, एवढ्यावर ते दुखणे निभावले. या नोंदी दाखवणाऱ्या आमच्या ॲपमधले रंगीत आलेख हा तेव्हा आमच्या अभिमानाचा विषय होता, पण ते आमच्याशिवाय फारसे कोणी उघडत नसे. आता बागायतदाराला फक्त एक मराठी संदेश जातो.

काका संदेश वाचतात आणि तरीही ब्लोअर (फवारणी यंत्र) सुरू करण्याआधी पानांवरून हात फिरवतात. नव्या बागेत संच बसवल्यावर पहिल्या सकाळी आमचा माणूसही तेच करतो आणि तळव्याची नोंद पट्टीच्या रीडिंगशेजारी वहीत लिहितो.