आठशेच्या टॅपेट कव्हरचा बोल्ट तुटला : हेलिकॉइलपर्यंतचं काम

मंडळी, गाडी माझी मारुती ८००, एफ-८-बी इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणातून, तेल झिरपत होतं म्हणून नवं पॅकिंग टाकायला कव्हर काढायला घेतलं. बाकीचे बोल्ट निमूट आले. फायरवॉलकडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडच्या) कोपऱ्यातल्या बोल्टचं डोकं मात्र दहाच्या गोटीत (सॉकेटमध्ये) राहिलं आणि धड हेडमध्ये, म्हणजे कव्हर ज्यावर बसतं त्या इंजिनच्या वरच्या भागात. तेही अगदी हेडच्या पातळीला तुटलेलं. व्हाईस ग्रिपने धरायला काही म्हणजे काही वर नाही.

हे दुखणं जुनंच असणार. गळती दिसली की कव्हरचे बोल्ट अजून आवळायचे, ही आपल्याकडची सार्वत्रिक रीत. पॅकिंगचं रबर एकदा वाळून टणक झालं की कितीही आवळा, तेल यायचं थांबत नाही. ताण सगळा बोल्टवर जातो. एम-६, म्हणजे ६ मिमी जाडीचा बोल्ट तो केवढासा! ८.८ ग्रेडचा (हा मजबुतीचा दर्जा) असला तरी १३ न्यूटन-मीटरच्या पुढे त्याचा भरवसा धरू नये, आणि लांब दांड्याच्या रॅचेटवर तेवढा जोर कधी लागला ते हाताला कळतही नाही.

बोल्ट तुटला की हत्यारं शोधायच्या आधी एक बघायचं, आवळताना तुटला की सोडवताना? आवळताना तुटला असेल तर डोकं गेल्याबरोबर ताणही गेला. उरलेला तुकडा बहुतेक वेळा सैल असतो, टोकदार पंचने डावीकडे टिचक्या मारल्या तरी फिरतो. सोडवताना तुटला तर मामला वेगळा. म्हणजे आटेच धरलेत. ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडी बोल्ट, त्यात वर्षानुवर्षांची ओल, की दोन्ही एकमेकांना चिकटलेच. माझा दुसऱ्या प्रकारचा.

म्हणूनच इझी आऊट, म्हणजे तुटलेल्या बोल्टमध्ये ठोकून तो उलटा फिरवायचं हत्यार, बाजूला ठेवला. जो बोल्ट डोक्याला पाना लावून फिरला नाही, तो आतून पाचर ठोकून कसा फिरेल? उलट पाचरीने बोल्ट आतून फुगतो आणि अजून घट्ट बसतो. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक चाचांनी तर स्पष्टच सांगितलं, "भाऊ, इझी आऊट आत तुटला ना, तर मग हेडच उतरवा." खरंय. इझी आऊट इतका कडक असतो की साधा एचएसएस (हायस्पीड स्टीलचा) बिट त्यावर नुसता घसरतो. तुकड्यावर नट वेल्ड करायचा उपाय उत्तम, पण त्याला बोल्ट थोडा तरी वर हवा.

मग उलट्या दातांचे, म्हणजे डावीकडे फिरून कापणारे बिट मागवले. परभणीत मिळाले नाहीत. संभाजीनगरहून मित्र तपोवन एक्स्प्रेसने येणार होता, त्याने टूलच्या दुकानातून आणले. तोवर बोल्टवर रोज गंज सैल करणाऱ्या तेलाचे थेंब आणि पितळी पंचने हलक्या टिचक्या. ठोकायचं नाही, थरथर पोचली पाहिजे एवढंच.

खरा वेळ गेला तो सेंटर पंचला, म्हणजे बिट टेकवायची मधोमध खूण ठोकण्याला. एम-६ मध्ये मधोमध आला नाही तर बिट मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतो आणि हेडचे आटे खातो. तुटलेला माथा वाकडातिकडा होता. रोटरी टूलच्या बारीक दगडाने आधी सपाट केला, मग भिंगातून बघून पंच मारला. कॅमभोवती चिंध्या कोंबल्या, तेल परत जायच्या वाटा बुजवल्या, बिटला ग्रीस लावलं म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. तो कीस तेलात मिसळून बेअरिंगपर्यंत गेला तर आठशेचं काम आठ हजारांवर जायचं.

अडीच मिमीचं भोक आधी. मग हॉट एअर गनने भोवतालचं हेड तापवलं. गॅसची ज्योत तेलाजवळ नको, आणि ॲल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशांना वितळतं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. १०० अंशांच्या फरकाने ६ मिमीच्या भोकात सहा-सात मायक्रॉनची फट वाढते. ऐकायला काहीच नाही, पण चिकटलेल्या आट्यांना तेवढी पुरते. उलटा साडेतीनचा बिट सावकाश लावला. आधी कुरकुर, मग बिट अडकला आणि तुकडा त्याच्याबरोबर फिरत वर आला. भर मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, ४३ अंशांत एवढं सुख दुसरं नाही!

मात्र बोल्टच्या आट्यांत चांदीसारखं ॲल्युमिनियम भरलेलं होतं. म्हणजे हेडचे वरचे आटे सोबत आले. नुसता टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून जुळवण्यात अर्थ नव्हता. हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं काम करणारी तारेची स्प्रिंग, घातली : ६.३ चा बिट, किटमधला टॅप, ९ मिमीची स्प्रिंग, वरच्या कडेपासून अर्धा आटा खाली. स्प्रिंग फिरवायला धरायची शेपटी तोडून चिमट्याने बाहेर काढली. ती आत राहू देऊ नका. बिटवर चिकटपट्टीची खूण केली होती, भोक आरपार नाही.

नवा बोल्ट त्याच लांबीचा, ८.८, झिंक प्लेटिंगचा. स्टेनलेसचा मोह टाळला. आट्यांना किंचित कॉपर ग्रीस लावलं. त्याने घर्षण कमी होतं, म्हणून टॉर्क ८ न्यूटन-मीटरवरच थांबवला. सगळे बोल्ट आधी हाताने, मग मधून बाहेरच्या दिशेने दोन फेऱ्यांत.

वसमतला जाऊन आलो. कव्हरची कड कोरडी आहे. पुढचा नंबर टॅपेटच्या गॅपचा. खरं तर कव्हर उघडंच होतं, पण हेड तापवलेलं असताना फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालण्यात राम नव्हता.