एसीएलएसची तयारी, तीन झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांची पाठ

माझं एसीएलएसचं (हृदय बंद पडलेल्या पेशंटवर करायच्या उपचारांच्या कोर्सचं) कार्ड संपत आलंय, दोनच वर्षांचं असतं ते, आणि नेमकं आताच आमच्या आयसीयूतल्या दोन नवीन सिस्टर पहिल्यांदा कोर्सला बसतायत. परवा नाईटला चहा पिताना त्यांनी विचारलं, ताई काय वाचायचं, तुमच्या नोट्स द्या ना. मी हो म्हणणार होते पण मला माझी २०२४ ची गंमत आठवली, म्हणून म्हटलं थांबा, आधी सगळं नीट लिहूनच देते.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), शाळा दहावीपर्यंत मराठी मीडियम, मिरजेत एका खाजगी हॉस्पिटलला आयसीयूत बरीच वर्षं झाली. सीपीआर किती केले मोजले नाहीत. त्यामुळे मेट्रन मॅडमनी सगळ्या आयसीयू स्टाफने एसीएलएस करायचा असं सांगितलं तेव्हा मला वाटलं त्यात काय एवढं, रोजचंच काम आहे, कागदावर लिहायचं फक्त. हातात अडीच महिने होते. त्यातला पहिला महिना मी अभ्यास केलाच नाही, नुसतं मटेरियल जमवलं, आणि जमवताना मला मनापासून वाटत होतं की मी अभ्यासच करतेय.

काय काय जमवलं बघा. वेगवेगळ्या सिनियरकडून झेरॉक्सचे तीन गठ्ठे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक पीडीएफ, तिची निम्मी पानं तिरकी स्कॅन झालेली. फोनमध्ये चार अ‍ॅप. यूट्यूबचे पन्नास-साठ व्हिडिओ सेव्ह करून ठेवले. वर एक जाडजूड ईसीजीचं पुस्तक विकत आणलं, ते आणताना तर फार भारी वाटलं होतं.

मग कोर्सवाल्यांनी ऑनलाइन प्री-कोर्स टेस्टची लिंक पाठवली. यात ईसीजी ऱ्हिदम (ठोक्यांची लय), औषधं आणि पेशंटच्या केस असं तिन्ही विचारतात, ७० टक्के मिळाल्याशिवाय कोर्सला घेत नाहीत, पण कितीही वेळा देता येते. मला पहिल्यांदा ५८ पडले. आणि सगळ्यात राग कशाचा आला तर ब्रॅडीकार्डियाच्या (ठोके फार मंद पडल्यावरच्या) अ‍ॅट्रोपिनचा. मी ०.५ एमजी लिहिलं, एकदम खात्रीनं, झेरॉक्समध्ये चौकट करून लिहिलेलं होतं तसं, आणि ते चूक! मी इनचार्ज सिस्टरशी वाद घातला की टेस्टमध्येच चूक आहे म्हणून. शेजारी आमचे अ‍ॅनेस्थेशियाचे सर फाईल लिहीत होते, त्यांनी मान वर न करता विचारलं, सिस्टर, नोट्स कुठल्या सालच्या?

झेरॉक्सवर साल कुठे असतं हो. पहिलं पान तर कुणीतरी कधीच हरवलेलं.

हा कोर्स ज्यांचा त्या अमेरिकन हार्ट असोसिएशनची गाईडलाईन २०१०, २०१५, २०२० अशी पाच-पाच वर्षांनी मोठी बदलत आली, आणि २०२० ला अ‍ॅट्रोपिनचा डोस ०.५ चा १ एमजी झाला, तीन ते पाच मिनिटांनी परत, जास्तीत जास्त ३ एमजी. सरांनी मग मला एक भारी गोष्ट शिकवली. म्हणाले नोट्सचं वय औषधांवरून ओळखा. असिस्टोलला (मॉनिटरवर सरळ रेघ) अ‍ॅट्रोपिन द्या असं लिहिलंय किंवा सीपीआर ए-बी-सी नं (आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती दाबणं) सुरू होतोय तर नोट्स २०१० च्या आधीच्या, कारण सी-ए-बी (आधी छाती दाबणं) २०१० ला आलं आणि असिस्टोलमधलं अ‍ॅट्रोपिनही तेव्हाच गेलं. व्हॅसोप्रेसिन हे औषध ४० युनिट दिसलं तर २०१५ च्या आधीच्या. कॉम्प्रेशन (छाती दाबणं) मिनिटाला कमीत कमी १०० एवढंच लिहिलंय, वरची मर्यादा नाही, तर २०१० च्या, कारण १०० ते १२० आणि खोली ५ सेंटीमीटरपेक्षा कमी नको पण ६ च्या वर नको हे २०१५ ला आलं. अ‍ॅट्रोपिन ०.५ असेल तर काहीही झालं तरी २०२० च्या आधीच्या.

रात्री घरी जाऊन तिन्ही गठ्ठे जमिनीवर पसरले आणि लाल पेन घेऊन बसले. एकात असिस्टोलला अ‍ॅट्रोपिन, एकात व्हॅसोप्रेसिन, आणि जो मला सगळ्यात सुंदर अक्षराचा म्हणून आवडला होता तो २०१५ चा. म्हणजे तीनपैकी एकही चालणारा नाही. पीडीएफ पण तसलीच निघाली. वाईट याचं वाटलं की मी ते पाठ केलं होतं, आणि एकदा पाठ झालेला चुकीचा डोस डोक्यातून काढणं नवीन पाठ करण्यापेक्षा अवघड जातं, अजूनही घाईत विचारलं तर माझ्या तोंडात आधी ०.५ येतं आणि मग मी जीभ चावते.

तर मटेरियल नंबर एक म्हणजे चालू गाईडलाईनचं प्रोव्हायडर मॅन्युअल (कोर्सचं पुस्तक), स्वतःचं. आमच्यात तिघींनी मिळून एक घ्यायचं चाललं होतं, पण नियमच असा आहे की प्रत्येकाकडे आपलं मॅन्युअल पाहिजे, कोर्सच्या आधी, कोर्समध्ये आणि नंतरही, छापील किंवा ई-बुक. मी छापील घेतलं. नाईटला मोबाईलवर वाचायला बसलं की मधेच घरच्या ग्रुपवर गुड नाईटची फुलं येतात आणि गेला अर्धा तास.

इंग्रजीची भीती वाटत होती ती खरं तर वाया गेली. शब्द आपलेच असतात, रोज फाईलमध्ये लिहितो तेच. मला अडलं ते वेगळंच. पुस्तकात सगळीकडे एपिनेफ्रीन आणि आमच्या क्रॅश कार्टमध्ये (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) अ‍ॅड्रेनलिन, दोन्ही एकच हे माहीत असून टेस्टमध्ये एक सेकंद अडखळायला व्हायचं. अमायोडॅरोनचं अँप्युल आपल्याकडे १५० चं, मग पहिला डोस ३०० म्हणजे दोन फोडायची, दुसरा डोस १५० म्हणजे एक. अ‍ॅट्रोपिन तर आपल्याकडे ०.६ चं येतं, म्हणजे १ एमजीला एक पूर्ण आणि दुसऱ्यातलं ०.४. पुस्तकात हे कुठून असणार! म्हणून मी मॅन्युअलमधल्या प्रत्येक डोसशेजारी पेन्सिलनं आपल्याकडची अँप्युल किती ते लिहिलं. ही पेन्सिलची अक्षरं मला पुस्तकाएवढीच उपयोगी पडली, आणि हे करायला फक्त एक दुपार आणि क्रॅश कार्टची किल्ली लागते.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला जाऊ नका, मी दोनदा तिथेच झोपले. मी आधी अल्गोरिदमची पानं घेतली, म्हणजे कशानंतर काय करायचं त्या आकृत्या. कार्डियाक अरेस्ट (हृदय बंद पडणं), ब्रॅडी, टॅकी (ठोके फार जलद) आणि पल्स परत आल्यानंतरची काळजी. ती हातानं काढली, बघून नाही, बघून काढलेली आकृती म्हणजे रांगोळीचा छाप, हाताला काही कळत नाही. अडलं की पुस्तकातलं तेवढं प्रकरण वाचायचं. स्ट्रोक आणि हार्ट अ‍ॅटॅकची प्रकरणं एकेकदाच वाचली, पुरली.

आता ते ईसीजीचं जाडं पुस्तक. चांगलंच आहे ते, पण या कामाचं नाही. त्यात अ‍ॅक्सिस, हायपरट्रॉफी, बारा लीडचं सगळं, आणि एसीएलएसला लागतात मोजके ऱ्हिदम, मॉनिटरवर झटकन ओळखता येण्याइतपत. मी आमच्याच मॉनिटरच्या स्ट्रिप जमवल्या, नावाचा भाग कापून, आणि वहीत चिकटवल्या. त्यात पण एक शहाणपणा केला, डिंक लावला. तो थर्मल कागद असतो, पंधरा दिवसात अर्ध्या स्ट्रिप पुसट! मग झेरॉक्स काढून चिकटवल्या. झेरॉक्सचा माझ्या अभ्यासात झालेला हा एकमेव फायदा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं हार्ट ब्लॉकनी, म्हणजे हृदयातला सिग्नल वरून खाली जाताना अडतो त्या प्रकारांनी. सेकंड डिग्रीचा टाईप वन, टाईप टू आणि थर्ड डिग्री, मला तिन्ही सारखेच दिसायचे. आमचे हे एसटीत कंडक्टर आहेत. एक दिवस माझी चिडचिड बघून म्हणाले, सांग तरी काय ते. मी सांगितलं, टाईप वनमध्ये वरून निघालेला सिग्नल खाली पोचायला आधी थोडा वेळ लागतो, मग आणखी जास्त, मग आणखी, आणि एकदा पोचतच नाही. म्हणाले अगं ही तर आमची मुक्कामी गाडी, आज पाच मिनिटं लेट, उद्या दहा, परवा पंधरा, आणि तेरवा रद्द. टाईप टू म्हणजे गाडी रोज ठरल्या वेळेवर पण मधेच एखादी न सांगता रद्द. आणि थर्ड डिग्री म्हणजे काय, तर स्टँडवरचा फळा आपलं वेळापत्रक दाखवतोय, गाड्या आपल्या मनानं सुटतायत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही! त्यानंतर मी एकदाही चुकले नाही. टाईप टूला घाबरायचं का हेही त्यातच कळतं, न सांगता रद्द होणारी गाडीच माणसाला स्टँडवर अडकवते.

यूट्यूबचं म्हणाल तर सालाची तीच भानगड तिथेही आहे, व्हिडिओखालची तारीख बघा आणि तारीख नवीन असली तरी बोलणारा जुनंच सांगत नाहीये ना ते डोसवरून तपासा. मला उपयोग झाला फक्त मेगाकोडचे (टीम लीडर होऊन पूर्ण केस हाताळायच्या परीक्षेचे) व्हिडिओ बघण्याचा, टीम लीडर तोंडानं काय आणि कधी बोलतो ते ऐकायला. बाकीचे उडवले. अ‍ॅप चारपैकी एक ठेवलं, ऱ्हिदम दाखवून ओळखायला लावणारं. मेट्रोनोम मात्र टाका, ११० ला लावून उशीवर कॉम्प्रेशन करा, आपण किती हळू किंवा किती पिसाटल्यासारखं दाबतो ते पहिल्या मिनिटात कळतं.

आणि हो, घरबसल्या तासाभरात एसीएलएस सर्टिफिकेट देणाऱ्या जाहिराती येतात. मी एकदा कार्ड नंबर टाकण्यापर्यंत गेले होते, नाईट करून आलेलं माणूस काहीही करतं. ज्यात कोणी तुम्हाला मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) काम करताना बघत नाही ते सर्टिफिकेट आमच्याकडे तरी धरत नाहीत. सरांनी आपल्याकडच्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलच्या सीसीएलएसबद्दल पण सांगितलं, हॉस्पिटलमधल्या लोकांसाठीचा तो वेगळा कोर्स आहे, त्याची गाईडलाईन त्यांनी २०१७ ला काढली. वाईट नाही, पण तुमच्या हॉस्पिटलला कुठलं कार्ड हवंय ते आधी विचारा आणि त्याच कोर्सचं वाचा, दोन्हीकडचं एकत्र वाचून खिचडी करू नका.

शेवटचे तीन आठवडे माझं खरं मटेरियल काय होतं सांगू, लग्नपत्रिका. घरात ढीग पडलेला, पाठीमागची बाजू कोरी, कागद चांगला जाड. एका कार्डवर एक केस, मागे उत्तर नाही, उत्तर मॅन्युअलमध्ये बघायचं. रात्री जेवण झालं की आमचे हे एकेक कार्ड वाचायचे आणि मी मोठ्यांदा बोलायचे. पल्स नाही, मॉनिटरवर व्हीएफ (हृदय नुसतं थरथरतंय). शॉक द्या, लगेच कॉम्प्रेशन सुरू, दोन मिनिटं. अजून व्हीएफ. परत शॉक, अ‍ॅड्रेनलिन १ एमजी. अजून व्हीएफ. शॉक, अमायोडॅरोन ३००. मोबाईलवर दोन मिनिटांचा टायमर खरोखर लावायचा. वाचताना दोन मिनिटं काहीच वाटत नाहीत, बोलताना फार मोठी असतात, त्या वेळात लीडरनं पाच एच आणि पाच टीमधली (हृदय बंद पडण्याची, एच आणि टी अक्षरांची) कारणं मोठ्यानं शोधायची असतात आणि मला पहिल्या दिवशी हायपोक्सियाच्या (ऑक्सिजन कमी पडणं) पुढे काही आठवेना. सासूबाई दारातून विचारायच्या, कोण एवढं सिरियस आहे?

कोर्स पुण्यात झाला, आधी एक दिवस बीएलएस (सीपीआरचा पायाभूत कोर्स), मग दोन दिवस एसीएलएस. लेखी परीक्षा ५० प्रश्नांची, ८४ टक्के लागतात म्हणजे ४२ बरोबर, आणि त्यात मॅन्युअल उघडायला परवानगी असते. हे ऐकून कोणी सैल पडू नका, पानं उलटत बसलात तर वेळ जातो, मी रंगीत चिकटपट्ट्या लावून नेल्या होत्या आणि फक्त चार वेळा बघितलं. मेगाकोडला पुस्तकबिस्तक नाही. तिथे मी पहिल्या फेरीत आपटले, आणि ज्ञानामुळे नाही, सवयीमुळे. पेशंट कोसळला म्हटल्याबरोबर मी स्वतःच मॅनिकिनवर चढून कॉम्प्रेशन सुरू केले. इंस्ट्रक्टर म्हणाले, सिस्टर, तुम्ही लीडर आहात, तुमचे हात मोकळे पाहिजेत. मग मी म्हटलं कोणीतरी अ‍ॅड्रेनलिन द्या, आणि अर्थात कोणीच दिलं नाही. नाव घेऊन सांगायचं, समोरच्यानं तेच परत म्हणायचं, दिल्यावर दिलं म्हणून सांगायचं. वर मॉनिटरवर छान ऱ्हिदम दिसला म्हणून मी खूश, पल्स बघितलीच नाही, पीईए होता तो, म्हणजे मॉनिटरवर ठोके दिसतात पण पल्स नसते. दुसऱ्या फेरीत पास झाले. त्या फेरीत डोळ्यासमोर मॅन्युअल नव्हतं, आमच्या ह्यांचा कार्ड वाचतानाचा आवाज होता.

आता नवीन सिस्टरना नोट्स का देत नाही ते. ऑक्टोबर २०२५ ला नवीन गाईडलाईन आली. म्हणजे माझा तो बुटांच्या खोक्यातला पत्रिकांचा गठ्ठा आता झेरॉक्सच्या त्या तीन गठ्ठ्यांच्या रांगेत जाऊन बसला. मी खोक्यावर लाल पेननं २०२० लिहून ठेवलंय. दोघींना सांगितलंय, आधी आपापलं नवीन मॅन्युअल घ्या, मग रविवारी माझ्याकडे या, एकेक कार्ड काढून पुस्तकाशी ताडून बघू, जुळलं तर ठेवू नाहीतर फाडू. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, मग यंदाच्या पत्रिका रद्दीत घालू नको म्हणतेस?