फिंकच्या वाटेवर: अ‍ॅलिस स्प्रिंग्जची वाळवंटी शर्यत

जून महिन्यात राजाच्या वाढदिवसाची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून येते, तेव्हा अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये मुक्कामाला खोली मिळणे फार कठीण असते. ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ मध्यभागी, नॉर्दर्न टेरिटरीत वसलेले हे गाव त्या दिवसांत फिंक डेझर्ट रेसने गजबजून जाते. रविवारी येथून निघून दक्षिणेला सुमारे २२६ किलोमीटरवर असलेल्या फिंक, म्हणजेच अपुतुला, या छोट्याशा आदिवासी वस्तीपर्यंत मोटरसायकल किंवा मोटार पळवायची, रात्र तेथे काढायची आणि सोमवारी त्याच वाटेने परतायचे, असा शर्यतीचा साधा आराखडा आहे. १९७६ मध्ये काही स्थानिक मोटरसायकलस्वारांनी हा जाऊन-येऊन प्रवास एकमेकांना आव्हान देत केला आणि पुढे तो दरवर्षीचा झाला. मोटारी आणि बगी त्यात आल्या त्या १९८८ मध्ये.

ही वाट जुन्या घॅन रेल्वेच्या कडेने जाते. अरुंद रुळांची ही गाडी १९२९ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पोहोचली, परंतु एरवी कोरड्या असणाऱ्या नद्यांना अचानक पूर आला की रूळ वाहून जात आणि वाळव्या लाकडी स्लीपर पोखरत. अखेर १९८० मध्ये पश्चिमेकडून नवा मार्ग काढण्यात आला आणि जुनी वाट लाल वाळूच्या स्वाधीन झाली. रोडिंगासारख्या ओसाड स्थानकांच्या भिंती अजून उभ्या आहेत, आणि शर्यतीच्या काळात त्यांच्या आसपास तंबू पडतात. आम्हीही तेथेच उतरलो. दिवसा ऊन सुखद होते, पण सूर्य मावळताच थंडी इतकी वाढली की शेकोटीपासून उठण्याचे कोणी नाव काढीना.

या शर्यतीत खरी झुंज जमिनीशी असते, हे मला ‘व्हूप्स’ जवळून पाहिल्यावर कळले. चाक वाळू मागे फेकते, तिचा लहानसा उंचवटा होतो, पुढचे वाहन त्यावरून उसळून पलीकडे आदळते आणि तेथला खड्डा आणखी खोल करते. वर्षानुवर्षे हेच होत राहिल्याने कित्येक किलोमीटरपर्यंत गुडघाभर किंवा त्याहून उंच लाटाच लाटा तयार झाल्या आहेत. एक स्वार समोरून गेला, तेव्हा तो गाडीवर उभाच होता. भार मागे, गुडघे टाकीला आवळलेले, डोके जवळपास स्थिर, आणि खाली गाडी मात्र शिलाईयंत्राच्या सुईसारखी वरखाली होत होती. तो अ‍ॅक्सिलरेटर सोडत नव्हता, कारण वेग मंदावला की पुढचे चाक माथ्यावरून सरकण्याऐवजी खड्ड्यात शिरते. मोटारींची चाके मोठी आणि त्यांच्यातील अंतरही जास्त, त्यामुळे त्यांनी पाडलेल्या लाटांची लय दुचाकीला जुळत नाही. शेकोटीभोवतीच्या दुचाकीवाल्यांनी या विषयावर मोटारवाल्यांचा मनसोक्त उद्धार केला, आणि मला तरी त्यांची तक्रार रास्त वाटली.

दुसरा शत्रू म्हणजे धूळ. वारा पडलेला असेल तर पुढच्या गाडीमागे उठलेला पडदा बराच वेळ तसाच लोंबत राहतो, आणि मागच्याला समोरचे झुडूपसुद्धा दिसत नाही. म्हणूनच शनिवारची छोटी पात्रता फेरी, जिला प्रोलॉग म्हणतात, इतकी मोलाची असते: तिच्या वेळेवरून सुटण्याचा क्रम ठरतो आणि पुढे सुटणाऱ्याला स्वच्छ हवा मिळते. प्रेक्षकांनाही धुळीत येणारे वाहन उशिरा दिसते. २०२१ मध्ये येथे एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला आणि परतीचा टप्पा रद्द करावा लागला. हे ठाऊक असल्यामुळे कडेला पुढे सरकण्याचा मोह आम्ही टाळला.

अव्वल स्पर्धकांना एका बाजूचे अंतर कापायला साधारण दोन तास पुरतात, म्हणून लांबून पाहणाऱ्याला ही शर्यत सोपी वाटण्याची शक्यता आहे. डकार रॅली ही जगप्रसिद्ध लांब पल्ल्याची शर्यत २०१६ आणि २०१९ मध्ये जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियन स्वार टोबी प्राइसने फिंकची शर्यत दुचाकीवर सहा वेळा जिंकली आहे. परंतु माझे लक्ष अधिक वेधून घेतले ते सोमवारी दुपारी उशिरा येणाऱ्यांनी. आदल्या दिवशी शेकडो वाहनांनी उखडलेल्या त्याच वाटेवर, मनगटे आखडलेली असताना, त्यांना पुन्हा तितकेच अंतर काटायचे होते, आणि दोन्ही दिवसांची वेळ एकत्र धरली जात असल्याने रविवारी गमावलेली मिनिटेही त्यांच्या हिशेबात होतीच. पुन्हा जाण्याचा योग आला, तर रविवारचा आरंभ पाहण्याचा हट्ट मी धरणार नाही. रोडिंगाच्या दक्षिणेला, व्हूप्स सर्वांत खोल असतील अशा जागी, सोमवारचा पूर्ण दिवस बसून राहीन.