क्वाडची नोंद: कार्ब्युरेटर बिचारा अर्धाच दोषी निघाला

विकणारा म्हणाला होता, "काही नाही हो, कार्ब साफ केला की पळेल." कार्ब साफ करायला दोन तास लागतात. मग तूच का नाही केलास, हे मी त्याला विचारलं नाही. ती माझी चूक.

गाडी म्हणजे चार जाड टायरांवर मोटारसायकलसारखी चालवायची क्वाड, २५० सीसीची, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, एअर-कूल्ड, मागच्या चाकांना चेन. रोग असा: सकाळी चोक ओढूनही वीसेक वेळा सेल मारायचा, सुरू झाली की अंगठ्याने रेस धरून बसायचं, सोडली की बंद. एकदा तापून वेगात आली की मात्र ठणठणीत.

स्लोला मरते आणि वर पळते म्हटल्यावर मीही पायलट जेटवरच (कार्बमधला स्लोला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा तुकडा) पैज लावली. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बमधली पेट्रोलची वाटी, उघडला तर आत चहाच्या रंगाचं पेट्रोल आणि जुन्या व्हार्निशचा वास. पायलट जेट दिव्यासमोर धरला, आरपार काही दिसेना. रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवला, मग वायरमधली तांब्याची एक तार काढून भोक मोकळं केलं. इथे सुई वापरू नका. जेट पितळेचा असतो, सुईने भोक मोठं होतं आणि मग पेट्रोल-हवेचं मिक्श्चर कधीच जुळत नाही. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत फिरवून आटे मोजले: पावणेदोन. आकडा टेपवर लिहून झाकणाला चिकटवला. त्या स्क्रूखाली स्प्रिंग, वॉशर आणि मुंगीएवढी ओ-रिंग असते. माझी ओ-रिंग सापडेना. अर्धा तास फरशी चाचपडली, ती भोकातच चिकटून बसली होती.

गाडी सुधारली, पण निम्मी. वीसऐवजी दहा सेल, आणि स्लोला तरीही धाप लागल्यासारखं. पुढचे दोन रविवार मी स्क्रू इकडून तिकडे फिरवण्यात घालवले. इनटेकच्या रबरातून हवा खेचते का, तेही पाहिलं. तिथे काही नव्हतं.

शेवटी सिलिंडरमधला दाब मोजणारा कंप्रेशन गेज लावला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. थ्रॉटल पूर्ण उघडून सेल मारला तर ७० पीएसआय. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं: ७५. ऑइलने पिस्टनच्या रिंगांच्या फटी भरतात. रिंगा झिजलेल्या असत्या तर आकडा चांगलाच चढला असता. चढला नाही, म्हणजे गळती बहुधा व्हॉल्व्हमधून. (काही इंजिनांत सेल मारताना दाब सोडणारी यंत्रणा कॅमवरच असते, तिथे आकडा मुळातच कमी येतो. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा या दोन आकड्यांमधला फरक बघावा.)

टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) थंड इंजिनावरच तपासायचे, म्हणून रात्रभर गाडीला हात लावला नाही. सकाळी प्लग काढला, क्रँकला पाना लावून सावकाश फिरवत टी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) खिडकीत आणली. ही खूण चार स्ट्रोकमध्ये दोनदा येते. आपल्याला कंप्रेशनवाली हवी, म्हणजे दोन्ही रॉकर मोकळे असलेली. मी इथेच गोंधळलो. एक्झॉस्टचा रॉकर बोटाने टिकटिक वाजत होता, इनटेकचा मात्र घट्ट. वाटलं, चुकीच्या फेरीवर आहे. आणखी एक पूर्ण फेरी दिली तर दोन्ही घट्ट! परत पहिल्या जागी आलो तेव्हा कळलं की फेरी बरोबरच होती, इनटेकला फटच उरली नव्हती. ०.०५ मिमीची फट मोजायची पातीही शिरेना, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता.

माझ्या मॅन्युअलमध्ये दोन्हीला ०.१० मिमी दिलंय; तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. पाती ओढताना दोन पानांमधून कार्बन पेपर सरकवल्यासारखी हलकी ओढ लागली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, त्यामुळे तीनदा करावं लागलं. नंतर कंप्रेशन १३०. दुसऱ्या सेलला सुरू, आणि रेस सोडली तरी टुकटुक चालू. मी उगाचच पाच मिनिटं तसाच बसून ऐकत होतो.

पण फट गेली कुठे? व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये आत रुतत गेला की फट कमी होते, आणि इनटेकच्या बाबतीत पहिला संशय धुळीवर घ्यायचा. एअर बॉक्स उघडला. फोम चिमटीत धरला तर त्याचा भुगा झाला. मागच्या नळीतून बोट फिरवलं, बोट तपकिरी. म्हणजे इंजिन किती दिवस पॉलिश पेपर खात होतं कोण जाणे. नवा फोम आणलाय. फिल्टर ऑइल लावून, न पिळता नुसता दाबून जास्तीचं तेल काढलं आणि कडेला ग्रीस लावून बसवला. पुढे धुताना रॉकेल, मग साबणाचं पाणी. पेट्रोलने जोडाचा गोंद सुटतो.

दहा तास चालवून टॅपेट पुन्हा मोजणार. फट परत मिटायला लागली तर हेड उतरवावं लागेल.

बाकी किरकोळ. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, रेस दिल्यावर १४.२, म्हणजे चार्जिंग ठीक. ऑइल काळं होतं पण दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. नवीन घातलं ते जासो एमए दर्जाचं, कारण क्लच त्याच तेलात भिजतो. टायरमध्ये आधीच्या मालकाने एका बाजूला १० पीएसआय हवा कोंबली होती, दुसऱ्या बाजूला ४. या टायरांना साधारण ३ ते ५ पुरते, आणि मोटारीच्या गेजचा काटा तिथे धड हलतही नाही. कमी दाबाचा गेज वेगळा घ्या. माझ्या गाडीचा मागचा ॲक्सल सलग आहे, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. दोन चाकांचा घेर वेगळा झाला की गाडी एका बाजूला ओढते. मी उगाच पुढच्या बॉल जॉइंटना दोष देत होतो.

मागचा ब्रेक अजून उघडायचाय. ड्रमच्या फटीतून चिखल गळतोय, पण ॲक्सलचा नट इंचभरही हललेला नाही. गंज सोडवणारं तेल मारून ठेवलंय. रविवारी पान्याला लांब पाइप लावून बघतो.