जरा टेकते

आमच्या आईला मी बसलेली अशी फारशी पाहिलीच नाही. ती टेकायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, पलंगाच्या कडेला, दाराजवळच्या स्टुलावर. "जरा टेकते गं," असं म्हणायची, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत दूध वर यायचं किंवा बेल वाजायची. टेकलेल्या बाईचं निम्मं वजन तिच्या पायांवरच असतं. बसणारा माणूस वेगळा. तो पाठ टेकवतो, पाय पसरतो, वर पाणी मागतो.

लग्नानंतर मीही टेकायला लागले. कधीपासून ते आठवत नाही. ते लक्षात आलं ते थेट गेल्या जूनमध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, एम.ए. मराठीच्या वर्गात, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर.

पहिलाच तास होता. सर अभ्यासक्रम समजावून सांगत होते आणि बाहेर शिट्टी झाली. मी मनातल्या मनात म्हटलं, एक. दुसरी झाली. दोन. तिसऱ्या शिट्टीला मी बाकावरून अर्धी उठले होते. वर्गातल्या बावीस-तेवीस वर्षांच्या माना माझ्याकडे वळल्या. बाहेर मैदानावर खेळाचे सर पोरांना पळवत होते. वरणाला तीन शिट्ट्या लागतात, हे माझ्या पायांना पाठ आहे. त्यांना प्रवेश मिळाल्याचं अजून कळलं नव्हतं.

प्रवेशाचीही एक गोष्टच झाली. बी.ए. २००३ साली झालेलं, त्यामुळे मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या टायपिस्टने विचारलं, "मधल्या काळात काय करत होता?"

"घरी होते."

त्याने टकटक टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "सदर कालावधीत मी घरी बसून होते." दोन बाळंतपणं, तीन बिऱ्हाडं, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, हे सगळं मी बसून केलं असं शपथेवर लिहून दिलं. वाद घातला असता तर त्याने पानाचे पैसे पुन्हा घेतले असते.

मग नावाचा घोळ. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आता क्रेडिट जमा व्हायलाही बँक असते, अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं खातं एकटीच्या नावावर उघडत होते, आणि ते नाव नेमकं कोणतं याचाच पत्ता नव्हता. विवाह नोंदणीचा दाखला जोडल्यावर कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "झालं, आता तुम्ही दोघी एकच."

शेजारच्या काकूंना हे सगळं ऐकून माझी दया आली. "अगं, मुक्त विद्यापीठातून करायचंस. आपल्या नाशिकातच आहे. घरबसल्या झालं असतं." मुक्त विद्यापीठाबद्दल मला आदरच आहे. १९८९ पासून कितीतरी बायकांच्या हातात त्याने पदवी दिली आहे, माझ्या मोठ्या नणंदेच्याही. पण तो 'घरबसल्या' शब्द काही माझ्या घशाखाली उतरेना. घरी कुणाला बसायला मिळतं ते सांगा, मी तिथे जाते.

सकाळी आठ ते साडेअकरा कॉलेज. म्हणजे साडेचारला उठणं आलं. भाजी आदल्या रात्री चिरलेली, कणीक फ्रीजमध्ये. दोन मुलांचे डबे, एक यांचा, एक माझा. मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं जाडजूड व्याकरण मी पोळपाटाशेजारी उघडं ठेवते. ग्रंथालयाची प्रत आहे, म्हणून दर पोळीला हात पुसते. पोळ्या त्यामुळे उशिरा होतात, आणि प्रयोगांचा गोंधळही काही कमी होत नाही.

ग्रंथालयातच एकदा पेपरात आकडे वाचले. देशभरातले लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी सरकारने २०२४ मध्ये केली होती. घरकाम करणाऱ्या बाया त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. घरी येऊन मी यांना सांगितलं. ते म्हणाले, "८८ काही कमी नाहीत." नाहीतच. पण आमच्याकडच्या ८८ मधली वीस तरी 'मोहरी कुठल्या डब्यात आहे' यात जातात. माणूस वाईट नाही. माझी फी त्यांनी न बोलता भरली. फक्त मोहरी अजून सापडत नाही.

मुरबाड तालुक्यात फांगणे म्हणून गाव आहे. तिथे २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बाया, अंगावर गुलाबी लुगडं, पाठीला दप्तर. शाळा भरते दुपारी, कामं आटोपल्यावर. ज्याने कुणी ती वेळ ठरवली त्याला बाईचा दिवस माहीत होता. आमच्या पहिल्या सत्राची अंतर्गत परीक्षा गौरी-गणपतीच्या आठवड्यात लावली होती.

बरं, त्या सणातही गंमत बघा. गणपती बसतात. नवरात्रात घट बसतात. आणि अडीच दिवस माहेरपणाला आलेल्या आमच्या गौरी मात्र उभ्याच्या! दरवर्षी साड्या नेसवून मीच त्यांना उभ्या करते. यंदा निऱ्या लावताना पहिल्यांदाच वाटलं, या बायांना कुणी बसा म्हणालं नाही. सासूबाईंना म्हटलं तर म्हणाल्या, "बसल्या तर साडी कशी दिसेल?" मुद्दा होता.

भाषाविज्ञानाच्या तासाला एकदा सर म्हणाले, दोन शब्दांचा अर्थ अगदी एकच असा कधी नसतो, उदाहरणं द्या. पोरांनी पाणी-जल, घर-गृह असली पुस्तकी उदाहरणं दिली. मी म्हटलं, टेकणं आणि बसणं. सर थांबले. "फरक सांगा." मी सांगितला, तो वर आलाच आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे माझी मम्मी टेकते." मग वर्गात एकेकाची आई आठवू लागली. कुणाची गॅसजवळच्या स्टुलावर, कुणाची गोठ्याच्या पायरीवर, कुणाची बसस्टॉपच्या कठड्यावर. पहिल्या दिवशी मला काकू म्हणणारी ही पोरं त्या दिवसापासून ताई म्हणू लागली. माझा डबा मला पुरेनासा झाला तोही तेव्हापासूनच.

घरी सासूबाई रोज विचारतात, "आज काय शिकवलं?" त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. गुडघ्यांमुळे आता त्यांना बसूनच राहावं लागतं, आणि याचा त्यांना भयंकर राग आहे. एके दिवशी त्या मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, "अहो आई, चमचा म्हणा." त्या म्हणाल्या. "आता चमचे म्हणा." म्हणाल्या. "शेवटचा च बदलला. चमचामधला चाकातला, चमचेमधला चहातला." त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग जुडी बाजूला ठेवून पुन्हा म्हणाल्या, चमचा, चमचे, चमचा, चमचे. "अगं खरंच की! सत्तर वर्षं बोलतेय मी हे." संध्याकाळी भाजीवाला आला तेव्हा त्यालाही त्यांनी चमचा म्हणायला लावलं. मेथी त्या दिवशी देठांसकट शिजली.

सत्राची लेखी परीक्षा डिसेंबरात झाली. सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला तो धाकटीने घेतला. मी दारात चपला घालत होते. "आई नाहीये," ती फोनवर सांगत होती, "ती आज परीक्षेला बसतेय."

बैठक क्रमांक बाकावर खडूने लिहिलेला होता. बाक डुगडुगत होतं. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "ताई, पलीकडच्यावर बसा, तिथे कुणी नाही." मी नको म्हटलं. माझा नंबर इथे होता. कागदाची घडी करून पायाखाली घातली आणि पाठ टेकवून बसले. चांगली बसले, शेवटची घंटा होईपर्यंत.

घरी आले तेव्हा सासूबाई दारातच खुर्ची टाकून होत्या. पेपर कसा गेला ते विचारलंच नाही. माझा हात धरून बाहीकडे निरखून पाहत म्हणाल्या, "पीठ लागलंय बघ कोपराला."

पाहिलं तर शेवटचे दोन आकडे बाहीवर उलटे उमटले होते.

"पीठ नाही हो आई," मी म्हटलं, "खडू आहे."