लाइफराफ्टची दोरी

व्यापारी जहाजावर थर्ड ऑफिसर म्हणून रुजू झालो, तेव्हा जीवरक्षक साधनांची देखभाल माझ्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात यादी हातात घेऊन डेकवर फिरताना एका लाइफराफ्टपाशी, म्हणजे पिंपात घडी करून ठेवलेल्या, फुगवता येणाऱ्या जीवरक्षक तराफ्यापाशी, मी बराच वेळ उकिडवा बसून राहिलो. फायबरग्लासचे पांढरे पिंप जागेवर होते, पट्टा आवळलेला होता, वार्षिक तपासणीची मुदतही उलटलेली नव्हती. मात्र त्याची दोरी, जिला आम्ही पेंटर म्हणतो, कुणीतरी वीक लिंकला, म्हणजे ठरावीक ओढ पडली की तुटणाऱ्या दुव्याला, न जोडता थेट डेकवरच्या लोखंडी कडीला बांधली होती. गाठ इतकी चोख होती की सोडवताना मला घाम फुटला.

राफ्ट हाताने टाकायला वेळच मिळाला नाही आणि जहाज बुडाले, तर दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिट पट्टा सोडवते. हे युनिटच राफ्ट फुगवते, असा समज मुरलेल्या खलाशांमध्येही आढळतो, पण त्याचे काम पिंप मोकळे करण्यापुरतेच असते. पिंप वर तरंगू लागते, जहाज खाली जात राहते, दोघांमधली पेंटर ताणली जाते आणि तिच्या ओढीने सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड राफ्टच्या नळ्यांत शिरतो. फुगलेल्या राफ्टचा वर येण्याचा जोर मग वीक लिंक तोडतो. लोखंडी कडी अशी तुटत नाही. तो राफ्ट फुगला असता आणि जहाजाबरोबर खाली ओढला गेला असता.

हाताने राफ्ट टाकतानाही सारे याच दोरीवर अवलंबून असते. तिचे टोक जहाजाला बांधलेले आहे की नाही, हे आधी पाहावे, खाली पाण्यात माणसे नाहीत याची खात्री करावी आणि मगच पिंप लोटावे; न बांधलेला राफ्ट वारा घेऊन जातो आणि तो पोहून गाठता येत नाही. पेंटर किमान १५ मीटर लांब असते. घाबरलेला माणूस चार-पाच हात दोरी ओढतो आणि काही होत नाही म्हणून थांबतो. ती संपून ताठ होईपर्यंत ओढायची आणि शेवटी जोराचा हिसका द्यायचा. साधारण तापमानात राफ्ट मिनिटभरात फुगतो. नंतर फुसफुस आवाज येतो, तो जादा वायू बाहेर पडण्याचा असतो. राफ्ट फाटल्याचा नव्हे.

कधी तो उलटाच फुगतो. प्रशिक्षणात तलावातल्या उलट्या राफ्टवर चढून, सिलिंडरच्या कडेवर पाय रोवून, तळाचा पट्टा धरून मी मागे झुकलो, तर राफ्ट सरळ झाला तो माझ्या अंगावरच. अशा वेळी तोंड वर ठेवून, डोक्यावरच्या तळाला हातांनी रेटत बाहेर सरकायचे असते. मी मात्र पालथा होऊन धडपडलो आणि भरपूर पाणी प्यालो.

राफ्टमध्ये जाण्याची घाई करू नये, हा धडा १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीने दिला. त्या वादळात १५ शर्यतपटू मृत्युमुखी पडले. माणसांनी सोडून दिलेल्या २४ नौकांपैकी पाचच बुडाल्या, बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. काही राफ्ट मात्र त्या लाटांत उलटले, फाटले. तेव्हापासून राफ्टमध्ये ‘चढून’ जावे, म्हणजे नौका पायाखालून जाईपर्यंत ती सोडू नये, असे सांगतात. आपल्याकडे मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज, म्हणजे कामगारांच्या राहण्याची सपाट तळाची नौका, बुडाला. त्यावर २६१ माणसे होती आणि बरेच राफ्ट भोके पडून निकामी झाले होते, असे वाचलेल्यांपैकी काहींनी तेव्हा सांगितले. सुस्थितीतला राफ्ट हे त्या दोन्ही प्रसंगांत गृहीत धरता येणारे साधन नव्हते.

आत गेल्यावर प्रवेशदाराजवळच्या सुरीने पेंटर कापून जहाजापासून दूर व्हावे आणि सी अँकर, म्हणजे दोरीने पाण्यात सोडायची कापडी छत्री, सोडावा. त्याने वाहून जाणे मंदावते, शोधणाऱ्यांना आपण पूर्वीच्या जागेच्या आसपास सापडतो आणि राफ्ट उलटण्याचा धोकाही कमी होतो. कनातीची दारे लावून पाणी उपसावे, तळ हवा भरून फुगवावा, कारण थंडी खालूनच चढते. समुद्र लागण्याची गोळी मात्र त्याही आधी, प्रत्येकाने, मला कधी लागत नाही म्हणणाऱ्यानेही घ्यावी. राफ्टचे हेलकावे जहाजासारखे नसतात आणि उलटीबरोबर जाणारे पाणी भरून काढायला तिथे काही नसते. माणशी दीडच लीटर पाणी दिलेले असते. जखमी सोडून कुणालाही पहिले २४ तास पाणी द्यायचे नाही आणि पुढे दिवसाला अर्धा लीटर, हा साधारण हिशेब. मासेमारीचे साहित्यही सामानात असते, पण पाणी अपुरे असेल तर मासा खाऊ नये, कारण तो पचवायलाही शरीराला पाणीच लागते. आमच्या वर्गातल्या कोकणी मुलांना सगळ्या नियमांत हाच सर्वांत जड गेला होता.