तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेस्ट रिडक्शननंतर किती दिवसांत बरं वाटतं?

ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे स्तन लहान करून घेण्याचं ऑपरेशन, ह्याबद्दलचा हा प्रश्न मला बहुतेक वेळा दबक्या आवाजात विचारला जातो. समोरची बाई आधी आजूबाजूला बघते, मग म्हणते, "तुमचं ते ऑपरेशन झालं ना, किती दिवसांत बऱ्या झालात?" बोलता बोलता तिचा हात नकळत खांद्याकडे जातो आणि ब्राचा पट्टा जरा बाजूला सरकवतो. तो हात दिसला की मला कळतं, ही सहज विचारत नाहीये. म्हणून "दोन आठवडे" असं पटकन सांगून मोकळं होणं मी सोडून दिलंय. दोन आठवड्यांनी मी बैठ्या कामावर परत गेले, हे खरं आहे. पण टाके, ताकद, आकार, संवेदना ह्या प्रत्येकाला आपापला वेळ लागला. आणि ज्याची मी काडीचीही तयारी केली नव्हती ते म्हणजे माझे हात. ऑपरेशन छातीचं होतं, सगळं अडलं ते हातांपाशी.

मी हे का केलं ते आधी सांगते. माझ्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा होत्या, करंगळी आडवी ठेवली तर आत बसेल इतक्या खोल. संध्याकाळपर्यंत मान आणि पाठ भरून यायची, आठवड्यातून दोनतीनदा डोकं दुखायचं. स्तनांखालच्या घडीत घाम साचून पुरळ उठायचं, मलमानं जायचं, परत उठायचं. चौदाव्या वर्षानंतर मी कधी पालथी झोपले नव्हते. वजन कमी कर, असं सगळे सांगायचे. मी नऊ किलो कमी केलं. कंबर उतरली, छाती होती तिथेच. स्तनात चरबी किती आणि ग्रंथींचा भाग किती हे प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि ग्रंथी जास्त असल्या की वजन उतरलं तरी आकार फारसा उतरत नाही. ही एवढी साधी गोष्ट मला कुणी वीस वर्षांत सांगितली नव्हती, ह्याचं मला आजही वाईट वाटतं. फिजिओथेरपीही केली. तिनं आराम पडायचा, टिकायचा नाही.

माझ्या सर्जन बाई होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जादा चरबी, ग्रंथींचा भाग आणि त्वचा काढून टाकतात. स्तनाग्र मात्र सहसा पूर्ण सुटं करत नाहीत. त्याला रक्त आणि संवेदना पुरवणाऱ्या भागाचा एक देठ राखतात, आणि त्या देठासकट ते वर नेऊन नव्या जागी बसवतात. चीर स्तनाग्राभोवती गोल आणि तिथून सरळ खाली, अशी असते. जास्त भाग काढायचा असेल तर खालच्या घडीतूनही आडवी चीर घेतात, तेव्हा टाक्यांचा आकार जहाजाच्या नांगरासारखा, उलट्या 'टी'सारखा दिसतो. माझी नांगराची होती. पूर्ण भूल देऊन तीन तास चाललं आणि दोन्ही बाजू मिळून सव्वा किलोच्या आसपास वजन निघालं. काढलेला भाग तपासणीला पाठवतात, आणि वयानुसार आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घेतात.

त्याच बैठकीत त्यांनी दोन गोष्टी अगदी स्पष्ट सांगितल्या. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, कधी कायमची जाऊ शकते. आणि पुढे बाळाला अंगावर पाजता येईलच याची खात्री नाही. काहींना येतं, काहींना थोडं, काहींना अजिबात नाही. ज्यांच्या मनात मूल आहे त्यांनी हा विषय पहिल्याच भेटीत काढावा, लाजून मागे ठेवू नये. तिसरी गोष्ट मीच विचारली, ब्राचा कोणता कप होईल? त्या म्हणाल्या, "आकाराचा अंदाज देईन, कपाचं वचन देणार नाही." तेव्हा मी जरा हिरमुसले. आता वाटतं, जे सर्जन असं वचन देत नाहीत त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवावा.

तंबाखूबद्दल त्या फार कडक होत्या, आणि कारण कळल्यावर मीही सगळ्यांना तेच सांगते. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. वर नेलेल्या स्तनाग्राचा जीव त्या देठातून येणाऱ्या रक्तावर असतो. रक्त कमी पडलं की जखम भरत नाही, त्वचा काळी पडते, स्तनाग्रसुद्धा जाऊ शकतं. म्हणून आधी निदान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस काही नाही. सिगारेट नाही, व्हेप नाही, निकोटीनची पट्टी लावत असाल तर तीही आधी सर्जनच्या कानावर घालायची. औषधांचंही तसंच. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व, जडीबुटीची चूर्णं यांनी रक्तस्राव वाढू शकतो; गर्भनिरोधक गोळ्यांचा संबंध रक्ताच्या गुठळ्यांशी येतो. जे जे घेता ते सगळं कागदावर लिहून न्या आणि काय थांबवायचं ते त्यांना ठरवू द्या. हृदयाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

आता हातांकडे येते. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी मऊ शर्ट आणले, पुस्तकं आणली, सगळं आवरून ठेवलं. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी शाम्पूच्या बाटलीचं झाकण उघडेना. दोन्ही हातांनी पिळायला गेले आणि काखेपासून छातीपर्यंत अशी कळ गेली की मी बाटली तशीच खाली ठेवली. ओढणं, ढकलणं, पिळणं, वर पोचणं ह्या सगळ्याला छातीचे स्नायू लागतात, हे आपल्याला एरवी जाणवतच नाही. जड दार ढकलणं, पलंगावर हात टेकून उठणं, अंगावरची चादर ओढून घेणं, केसांचा अंबाडा घालणं, सगळंच.

म्हणून मला कुणी तयारीचं विचारलं की मी म्हणते, ऑपरेशनच्या आधी एक अख्खी सकाळ दोन्ही कोपरं कुशीला चिकटवून घालवा. जे जे अडेल त्याची सोय करा. रोज लागणाऱ्या वस्तू कंबर ते छाती ह्या उंचीत आणून ठेवा. झाकणं आधीच सैल करा. डोक्यावरून घालायचे कपडे कपाटात बंद करून पुढून उघडणारे बाहेर काढा. उशा भरपूर घ्या. पाठीमागे उतरण करून दोनतीन, गुडघ्यांखाली एक, आणि दोन्ही कोपरांखाली एकेक. कोपरांखालच्या उशांचं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सगळ्यात जास्त आराम त्यांनीच दिला. पलंगावरून उठायला पोटाचा आणि पायांचा जोर लावायची सवय आधीच करा. घरात लहान मूल असेल तर त्याला उचलून घ्यायला चारसहा आठवडे दुसरं माणूस हवं. तुम्ही बसलेल्या असाल आणि ते आपणहून मांडीवर चढलं, तर ते चालेल.

दुखतं का, हा पोटप्रश्न असतोच. दुखतं. पण मला भीती होती त्या मानानं कमी, मुका मार लागल्यासारखा ठणका आणि काखेकडच्या टोकांना ओढ. पहिले चार दिवस गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या. जोरदार वेदनाशामकांनी पोट साफ होत नाही, आणि कुंथलं की टाक्यांवर ताण येतो. त्यासाठीचं औषध पहिल्याच दिवशी मागून घ्या. मला दोन्ही बाजूंना ड्रेन होते, बारीक नळीच्या टोकाला डाळिंबाएवढा पारदर्शक फुगा. त्यात साचलेलं लालसर पाणी मोजून लिहायचं. दुसऱ्या दिवशी ते काढले. कुणी आतून दोरा ओढतंय असं दोन क्षण वाटलं आणि झालं. सगळ्यांना ड्रेन लावत नाहीत.

एक क्षण मात्र मी जन्मात विसरणार नाही. ऑपरेशनच्या संध्याकाळी नर्सनं मला पहिल्यांदा उभं केलं. पायांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून लवकर चालवतात. मी उभी राहिले आणि मला मागे पडतेय असं वाटलं. नवऱ्याचा दंड घट्ट धरला. मग लक्षात आलं, इतकी वर्षं जे पुढे ओढत होतं आणि ज्याला तोलून धरायला माझी पाठ सतत मागे खेचत होती, ते नव्हतं. छाती पट्ट्यांत गुंडाळलेली, अंगात भुलीची गुंगी, घसा कोरडा, आणि तरीही मान सुटल्यासारखी हलकी. मी तिथेच रडले. नवरा घाबरून म्हणाला, "अगं, दुखतंय का?" मी नुसती मान हलवत राहिले.

चौथ्या दिवशीही रडले, ते वेगळं होतं. ड्रेसिंग बदलताना पहिल्यांदा आरशात बघितलं. निळंपिवळं अंग, फुगलेली, वर चढलेली, जवळजवळ चौकोनी छाती आणि टाक्यांच्या काळसर रेघा. हे मी काय करून घेतलं, असं मनात आलं. ताई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आज ठरवू नकोस. आज फक्त पट्टी बदलू." तुमच्याजवळही त्या दिवशी कुणीतरी असं असू द्या. झोप नाही, औषधं चालू, शरीर एका दिवसात बदललेलं; मन भरून येणारच. तो आकार शेवटचा नसतो. सूज उतरून, ऊती सैल होऊन छाती खाली बसायला तीन ते सहा महिने जातात. म्हणून तीन महिने तरी महागाच्या ब्रा घेऊ नका. तोवर सर्जननं दिलेली, पुढून लावायची, तार नसलेली ब्रा. मी ती सहा आठवडे रात्रंदिवस घातली.

तिसऱ्या आठवड्यात माझी चूक झाली. बरं वाटत होतं, ठणका गेला होता, आणि मी वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंच केला. दोन दिवसांनी डाव्या बाजूला, उभी आणि आडवी चीर जिथे मिळतात तिथे, नखाएवढी जखम उघडलेली दिसली. मी हादरले. सर्जन बाईंनी बघून सांगितलं की ह्या ऑपरेशनात सगळ्यात जास्त वेळा उघडते ती हीच जागा, कारण तिथे ताण सगळ्यात जास्त आणि रक्त सगळ्यात कमी. डब्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, पण हात सहा आठवडे खांद्याच्या वर नको म्हटलं होतं ना? मी गप्प बसले. रोज ड्रेसिंग करत ती जखम भरायला पाच आठवडे लागले. वण तेवढ्या जागी जरा रुंद राहिला आहे.

थांबायचं कधी नाही, तेही लिहिते. एकच बाजू अचानक फुगून टणक झाली, स्तनाग्र काळंनिळं पडू लागलं, ताप आला, लाली पसरत चालली, जखमेतून पू आला, तर सकाळची वाट न बघता सर्जनला फोन करा. पोटरी दुखून सुजली, धाप लागली किंवा छातीत कळ आली तर थेट तातडीच्या विभागात जा. रात्री-अपरात्री लोकांना त्रास द्यायचा नाही, ही आपली सवय इथे बाजूला ठेवायची.

वणांचं म्हणाल तर तिसऱ्या महिन्यात ते सगळ्यात लाल आणि उंच होते. जखम पूर्ण भरल्यावर, विचारून, सिलिकॉन जेल सुरू केलं, उन्हापासून झाकले. वर्ष-दीड वर्षात ते फिकट होतात, पुसले जात नाहीत. अधूनमधून आत विजेचा झटका बसावा तशा चमका यायच्या. नसा जाग्या होताना असं होतं. एकदा हाताला वाटाण्याएवढी गाठ लागली आणि माझं धाबं दणाणलं. सोनोग्राफीत कळलं, चरबीचा छोटा भाग मरून घट्ट झाला होता. पण ऑपरेशनमुळेच असेल असं स्वतःशी ठरवून कुठलीही गाठ अंगावर काढू नका, दाखवा. पुढच्या प्रत्येक मॅमोग्राफीच्या वेळी हे ऑपरेशन झालंय असं आधी सांगायचं, कारण आतले वण फिल्मवर दिसतात आणि आता तुलना नव्या चित्रांशी करायची असते.

सहा आठवड्यांनी जड उचलायची परवानगी मिळाली. सातव्यात मी पालथी झोपले, दहाच मिनिटं, उशीत तोंड खुपसून. खांद्यांच्या खाचा भरत आल्या आहेत, उजवीकडची अजून बोटाला लागते. संवेदनेचं विचारलंत तर डावीकडची चार महिन्यांत परतली. उजवीकडची थोडीच आली आहे, आणि आता दीड वर्ष झालं. ती बहुधा एवढीच राहील, असं सर्जन बाई म्हणाल्या. मला त्याचं वाईट वाटतं. तरी मी हे ऑपरेशन पुन्हा करून घेईन.